डॉक्टर व्यवस्थापनशास्त्राकडे का वळतात?

पवनेच्या काठचे पिंपळे सौदागर हे एकेकाळी शेतीवाडीचे गाव होते. हिंजवडीत संगणक उद्योग उभा राहिला आणि गावाच्या शिवारात उंच इमारती आल्या. पाठोपाठ दवाखाने, प्रसूतिगृहे आणि छोटी रुग्णालये आली. या वस्तीत एखाद्या अभियंत्याने व्यवस्थापनाची पदवी घेतली, तर कोणाला नवल वाटत नाही. पण दहा-बारा वर्षे रुग्ण तपासलेला डॉक्टर जेव्हा व्यवस्थापन संस्थेच्या प्रवेशाचा अर्ज भरतो, तेव्हा घरीदारी एकच प्रश्न उमटतो : 'एवढे डॉक्टर होऊन हे काय?'

हा प्रश्न अनाठायी नाही. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम, वर्षभराची आंतरवासिता आणि पुढे पदव्युत्तर शिक्षणाची तीन वर्षे एवढ्या तपश्चर्येनंतर डॉक्टर तयार होतो. शासकीय महाविद्यालयात शिकलेल्याच्या बाबतीत तर या शिक्षणाचा मोठा भार समाजानेच वाहिलेला असतो. असा मनुष्य रुग्णाची नाडी सोडून ताळेबंद हाती घेणार असेल, तर त्याला कारण विचारण्याचा समाजाला अधिकार आहे. प्रवेशाच्या मुलाखतीतही परीक्षक तेच कारण विचारतात. बारावीपूर्वीच सुटलेले गणित रात्रपाळ्या सांभाळून पुन्हा शिकता येते. या एका प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे मात्र त्याहून अवघड असते.

दुखण्याचे दुसरे मूळ

थकवा आणि अधिक वेतनाची आशा ही कारणे खोटी नाहीत. परंतु अपुरी आहेत. पुष्कळ डॉक्टरांना अनुभवाने एक गोष्ट उमगलेली असते. रुग्णाचे दुखणे तपासणीच्या खोलीत सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. औषधांचा साठा वेळेवर न येणे, शस्त्रक्रियागृह निम्मा दिवस रिकामे राहणे, अनामत रकमेसाठी नातेवाइकांची होणारी धावाधाव या गोष्टी रोगाइतक्याच घातक ठरतात. त्यांवर कोणतेही इंजेक्शन चालत नाही. तेथे हिशेब, नियोजन आणि माणसे सांभाळण्याची विद्या लागते, आणि ती वैद्यकीय महाविद्यालयात फारशी शिकवली जात नाही.

या विद्येचे सामर्थ्य मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाने दाखवून दिले आहे. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी सरकारी सेवेतून निवृत्त झाल्यावर, १९७६ साली, अवघ्या ११ खाटांवर ते सुरू केले. एका रुग्णावर शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर दुसऱ्याची तयारी पूर्ण करावयाची, ही तेथील पद्धत पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांतील जुळणीच्या साखळीशी नाते सांगणारी आहे. कलकत्त्याच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत शिकलेल्या आर. डी. तुलसीराज यांनी तेथील कारभाराची घडी बसवली. पैसे देणाऱ्यांच्या उत्पन्नावर गरिबांच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. १९९२ पासून तर डोळ्यांत बसवावयाचे कृत्रिम भिंगही या संस्थेने परदेशी भिंगाच्या किमतीच्या अल्पांशात तयार केले. हिशेब चोख ठेवल्याने येथे करुणा आटली नाही. ती अधिक लोकांपर्यंत पोहोचली.

दुधारी शस्त्र

तथापि हीच विद्या उलटही चालते. खाटेमागे रोजचे सरासरी उत्पन्न किती, हा रुग्णालय उद्योगाचा आवडता मापदंड आहे. तोच एकमेव मापदंड ठरला, तर आवश्यकता नसलेली तपासणी आणि लांबवलेला मुक्काम यांना आपोआप प्रतिष्ठा मिळते. अशा वेळी वैद्यकाचे ज्ञान असलेला व्यवस्थापक अधिक धोकादायक, कारण कोठे किती ताणता येईल हे त्याला नेमके ठाऊक असते.

म्हणून कसोटी पदवीत नाही, तिच्या वापरात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली ठरवून दिलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवावयाच्या आहेत; एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची आहे. या खाटा कागदावर राहतात की त्यांवर खरोखर रुग्ण झोपतो, हे धर्मादाय रुग्णालयात अधिकारपदी बसलेल्या डॉक्टरने रोज पाहावे. त्याच्या नव्या शिक्षणाची परीक्षा तेथेच आहे.

जबाबदारी समाजाचीही आहे. पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयासारख्या महापालिकेच्या मोठ्या रुग्णालयात कामगार आणि झोपडीतील माणूस दोघेही येतात. अशा ठिकाणी कारभाराची सूत्रे केवळ सेवाज्येष्ठतेने सोपवून भागणार नाही. दोन्ही विद्या जाणणाऱ्या डॉक्टरांना सार्वजनिक रुग्णालयांत अधिकाराची जागा मिळाली नाही, तर ते विमा कंपन्या आणि औषध उद्योगाकडे वळतील, आणि मग त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.

'एवढे डॉक्टर होऊन हे काय?' या प्रश्नाला पिंपळे सौदागरच्या डॉक्टरने शब्दांनी उत्तर देण्याचे कारण नाही. दोन वर्षांनी पदवी घेऊन तो परतेल, तेव्हा रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या गरिबाची वाट किती सोपी झाली, एवढेच लोक पाहतील.