दुखते नेमके कोठे? अहवालातील दिशांचे आणि सांध्यांचे शब्द

दसरा सरला की बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची पांगापांग सुरू होते. केज तालुकाही याला अपवाद नाही. कर्ती माणसे कोयता आणि संसाराचे गाठोडे घेऊन पश्चिम महाराष्ट्राकडे किंवा कर्नाटकाकडे निघतात आणि युसूफ वडगावसारख्या गावांतील कित्येक घरांत मागे उरतात ती आजी-आजोबा आणि नातवंडे. अशा घरातील म्हाताऱ्या माणसाचे दुखणे मग बहुधा फोनवरूनच सांगितले आणि ऐकले जाते.

“माय, कुठं दुखायलंय?”

“पाय दुखायलाय बघ.”

मराठीत पाय म्हणजे खुब्यापासून बोटांपर्यंत सगळाच. दूर कारखान्याच्या थळात, कोपीबाहेर उभ्या असलेल्या मुलाला त्या एका शब्दातून काय समजावे? दुखणे खुब्याचे, गुडघ्याचे, पोटरीचे की टाचेचे? पुढे कोणी शेजारी आजींना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात नेतो, क्ष-किरण चित्र निघते, अहवाल हाती येतो. त्याचा फोटो मुलाच्या फोनवर पोहोचतो. त्यात ‘मिडीयल’, ‘लॅटरल’, ‘बायलॅटरल’, ‘डिस्टल’ असे शब्द असतात. एकीकडे फार सैल शब्द आणि दुसरीकडे फार अनोळखी शब्द, अशा कात्रीत सारे घर सापडते.

हे अनोळखी शब्द वाटतात तितके अवघड नाहीत. त्यांतील बहुतेक केवळ दिशा दाखवणारे आहेत. दहा-बारा शब्द ओळखीचे झाले, तर अहवाल वाचून रोगनिदान करता येणार नाही, तो वैद्यांचाच अधिकार. पण डॉक्टर कशाविषयी बोलत आहेत ते समजेल आणि आपले दुखणे नेमक्या जागी बोट ठेवून सांगता येईल.

आधी उभे कसे राहायचे ते ठरले

शरीराच्या दिशा सांगायच्या तर शरीर कसे ठेवले आहे, हे आधी ठरवावे लागते. जगभरच्या वैद्यकात तो संकेत एकच आहे: माणूस ताठ उभा, तोंड समोर, हात शरीरालगत खाली सोडलेले आणि तळवे पुढच्या बाजूला. रुग्ण खाटेवर पालथा निजलेला असला, तरी वर्णन या उभ्या स्थितीप्रमाणेच केले जाते.

दुसरा संकेत डाव्या-उजव्याचा. अहवालातील डावे आणि उजवे नेहमी रुग्णाचे असते, पाहणाऱ्याचे नव्हे. गुडघ्यांचे किंवा खुब्यांचे समोरून काढलेले चित्र आपण पाहतो, तेव्हा रुग्ण आपल्याकडे तोंड करून उभा आहे असे मानायचे. म्हणून त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. चित्राच्या कोपऱ्यात ‘आर’ किंवा ‘एल’ हे इंग्रजी अक्षर असते. ‘आर’ म्हणजे राइट, उजवा. ‘एल’ म्हणजे लेफ्ट, डावा. चित्र हाती येताच हे अक्षर पाहण्याची सवय लावून घ्यावी.

तीन प्रतले

शरीराची किंवा त्याच्या चित्राची विभागणी तीन काल्पनिक प्रतलांनी केली जाते. एमआरआय आणि सीटी स्कॅनच्या अहवालांत यांची नावे हमखास येतात.

पहिले सॅजिटल. हे प्रतल पुढून मागे जाते आणि शरीराचे डावा-उजवा असे भाग करते. ‘सॅजिटा’ म्हणजे लॅटिन भाषेत बाण. कवटीच्या मध्यावरून पुढून मागे जाणारी जी हाडांची शिवण आहे, तिला बाणाचे हे नाव आहे. तान्ह्या बाळाच्या ज्या टाळूवर आजी तेल घालते, तेथून ही शिवण मागे निघते. टाळू बाणाच्या टोकासारखी आणि शिवण बाणाच्या काडीसारखी दिसते. मणक्याच्या एमआरआयमधील सॅजिटल चित्र म्हणजे पाठीचा कणा बाजूने पाहिलेला: मणके एकावर एक रचलेले आणि प्रत्येक दोघांमध्ये गादी.

दुसरे कोरोनल. ‘कोरोना’ म्हणजे मुकुट. हे प्रतल शरीराचे पुढचा आणि मागचा असे दोन भाग करते. भिंतीला पाठ टेकून उभे राहा. त्या भिंतीला समांतर असा पडदा शरीरातून गेला आहे, अशी कल्पना करा. दोन्ही खुबे शेजारी-शेजारी दिसतात ते या प्रतलातील चित्रात.

तिसरे ॲक्सियल किंवा ट्रान्सव्हर्स, म्हणजे आडवे. काकडीच्या गोल चकत्या कराव्यात तसे हे काप असतात. मणक्याची गादी सरकून नस दाबली जात असेल, तर ती डावीकडे की उजवीकडे, हे या चकत्यांत दिसते.

हालचालीही याच प्रतलांत होतात. खुर्चीवरून उठणे-बसणे हे सॅजिटल प्रतलातील काम, हात बाजूने वर उचलणे हे कोरोनल प्रतलातील आणि मान वळवून मागे पाहणे हे आडव्या प्रतलातील. फिजिओथेरपिस्ट वेगवेगळ्या दिशांचे व्यायाम देतात, त्याचे कारण हेच. एका दिशेची हालचाल कितीही केली, तरी तिने दुसरीची भरपाई होत नाही.

दिशांचे मोजके शब्द

अँटेरियर म्हणजे पुढचा आणि पोस्टेरियर म्हणजे मागचा. ‘एपी व्ह्यू’ म्हणजे किरण पुढून मागे सोडून काढलेले चित्र.

मिडीयल म्हणजे शरीराच्या मध्यरेषेकडचा. हा शब्द ‘मिडल’सारखा ऐकू येत असल्यामुळे अनेकांना तो ‘मधला’ वाटतो. गुडघ्याच्या बाबतीत मिडीयल म्हणजे आतली बाजू. पाय जुळवून उभे राहिल्यावर दोन गुडघे एकमेकांना जेथे टेकतात ती. लॅटरल म्हणजे बाहेरची बाजू. ‘लॅटरल व्ह्यू’ असे लिहिले असेल, तर ते चित्र बाजूने काढलेले असते. बायलॅटरल म्हणजे दोन्ही बाजूंचा.

प्रॉक्सिमल म्हणजे धडाजवळचा आणि डिस्टल म्हणजे धडापासून दूरचा. उतारवयात पडताना आपण हात टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. त्याला अहवालात ‘डिस्टल रेडियस फ्रॅक्चर’ म्हणतात. रेडियस हे कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी अंगठ्याच्या बाजूचे हाड, आणि त्याचे धडापासून दूरचे टोक म्हणजे मनगटाजवळचे.

सांधे: उखळ आणि बिजागरी

सांध्यांच्या बाबतीत आपली भाषा मुळीच परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात २१० सांधे सांगितले आहेत आणि त्यांचे आठ प्रकार केले आहेत. त्यांतील उलूखल हा प्रकार काखेत आणि जांघेत असतो, असे तेथे म्हटले आहे. उलूखल म्हणजे आपले उखळ. खांद्याचा व खुब्याचा सांधा खरोखरच तसा आहे: एका हाडाचे गोल डोके दुसऱ्याच्या खोलगट भागात बसते आणि सर्व दिशांना फिरते. गुडघा, कोपर, घोटा आणि बोटांचे सांधे सुश्रुतांनी कोर या प्रकारात घातले. आज शाळेच्या पुस्तकांत गुडघ्याला व कोपराला बिजागरीचा सांधा म्हणतात. कवटीतील न हलणाऱ्या सांध्यांना सुश्रुतांनी दिलेले नाव तुन्नसेवनी, म्हणजे शिवण. आजही त्यांचे वर्णन आपण शिवण म्हणूनच करतो.

उखळ आणि बिजागरी हे शब्द आजीला समजावून सांगावे लागत नाहीत. बिजागरी एकाच दिशेने उघडझाप करते. तिला पीळ बसला की ती कुरकुरते. गुडघ्यावर अचानक गिरकी घेऊ नये, पूर्ण पाऊल उचलून वळावे, हा सल्ला या एका शब्दातून पटतो.

कोरियातही हीच अडचण

वैद्यकाची भाषा आणि घरची भाषा यांतील हे अंतर केवळ मराठीत नाही. शरीराच्या अवयवांची लॅटिन नावे जगभर एकसारखी असावीत म्हणून १८९५ मध्ये बाझल येथे पहिली मान्य यादी झाली. १९९८ मध्ये तिची नवी पिढी आली. त्या नावांना आपापल्या भाषेत प्रतिशब्द देण्याचे काम प्रत्येक देशाला करावे लागले.

कोरियन भाषेत वैद्यकाचे जुने शब्द चिनी अक्षरांवरून आले, जसे आपले संस्कृतावरून येतात. सॅजिटल प्रतलाला तेथे ‘सीसांगम्योन’ म्हणतात, म्हणजे बाणाच्या आकाराचे प्रतल. तोच बाण तेथेही पोहोचला. गुडघ्याच्या वाटीला जुना शब्द आहे ‘सुल्गेगोल’. सामान्य कोरियन माणसाला तो जडच जातो. म्हणून तेथील शरीररचनाशास्त्रज्ञांनी गेल्या काही दशकांत बोलीतील सोपे शब्द पुढे आणले: ‘मुरुप-प्यो’, म्हणजे गुडघ्याचे हाड, ‘ओक्के-प्यो’, म्हणजे खांद्याचे हाड. जुने शब्द मात्र पुसले गेले नाहीत. आज तेथे जुने, नवे आणि इंग्रजी असे तिन्ही शब्द कानी पडतात.

आपली स्थितीही याहून वेगळी नाही. जान्वस्थि, गुडघ्याची वाटी आणि पॅटेला ही एकाच हाडाची तीन नावे. घरात ‘वाटी’ म्हणावे, अहवालात ‘पॅटेला’ ओळखावे, एवढे पुरेसे आहे.

तीन अहवाल, तीन अर्थ

गुडघा: ‘मिडीयल जॉइंट स्पेस रिडक्शन’ याचा अर्थ गुडघ्याच्या आतल्या बाजूला दोन हाडांमधील अंतर कमी झाले आहे, म्हणजे तेथील कूर्चा झिजली आहे. ‘ऑस्टिओफाइट’ म्हणजे हाडाच्या कडेला झालेली वाढ. ‘ग्रेड’ पुढे आकडा असेल, तर तो बहुधा केलग्रेन आणि लॉरेन्स यांनी १९५७ मध्ये सुचवलेल्या ० ते ४ या श्रेणीतील असतो. मात्र चित्रातील झीज आणि प्रत्यक्ष वेदना यांचे प्रमाण नेहमी सारखे नसते. आकडा पाहून धीर सोडू नये.

कंबर: ‘एल ४–एल ५ डिस्क बल्ज’ म्हणजे कमरेच्या पाच मणक्यांपैकी चौथ्या व पाचव्या मणक्यांमधील गादी थोडी बाहेर आली आहे. काहीही दुखत नसलेल्या वयस्कांच्या एमआरआयमध्येही असे फुगवटे वारंवार आढळतात. मात्र लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या सांध्यात व बैठकीच्या जागी बधिरता येणे, पायातील बळ झपाट्याने कमी होणे, यांपैकी काहीही दिसले तर त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

खुबा: ‘फ्रॅक्चर नेक फीमर’ हे शब्द सर्वांत जास्त गोंधळ करतात. ‘नेक’ ऐकून घरच्यांना वाटते की मान मोडली. फीमर म्हणजे मांडीचे हाड आणि त्याची ‘मान’ म्हणजे खुब्याच्या उखळीत बसणाऱ्या गोल डोक्याखालचा निमुळता भाग. पडल्यानंतर उभे राहता येत नसेल, एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेले असेल, तर चोळू नये, चालवून पाहू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. काही वेळा हाड मोडूनही माणूस चार पावले चालतो, म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखू लागले तर तपासणी टाळू नये.

सांगणाऱ्यासाठी आणि विचारणाऱ्यासाठी

आपल्या बोलीत ‘कंबर’ हाही मोठा सैल शब्द आहे. पाठीचा खालचा भाग, कुल्ला, खुबा, सगळे त्यात येते. खुब्याचे दुखणे पुष्कळदा जांघेत जाणवते, कधी तर गुडघ्यात. म्हणून फोनवर विचारताना ‘कुठे दुखते’ एवढ्यावर थांबू नये. ‘एका बोटाने दाखवायचे, तर बोट कोठे ठेवशील?’ असे विचारावे. मग पुढचे: डावा की उजवा? पुढून की मागून? आतल्या बाजूला की बाहेरच्या? सांध्यात की सांध्याच्या वर-खाली? कोणत्या हालचालीने वाढते? जवळ असलेल्या नातवाने ही उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि डॉक्टरांकडे जाताना वही सोबत द्यावी.

शस्त्रक्रियेचा प्रसंग आला, तर बाजू स्वतःच्या तोंडाने सांगावी. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये शस्त्रक्रियेपूर्वीची जी तपासणी-यादी दिली, तिच्या पहिल्याच टप्प्यात रुग्णाची ओळख, शस्त्रक्रियेची जागा आणि शस्त्रक्रिया कोणती, हे रुग्णाकडूनच पडताळून घ्यायचे असते. “माझा उजवा गुडघा” असे म्हणताना संकोच वाटायला नको. तिथे विचारणारे त्याचीच वाट पाहत असतात.

पुढच्या फोनवर युसूफ वडगावातील ती आजी कदाचित सांगेल, “उजव्या गुडघ्याच्या आतल्या अंगाला दुखायलंय, उठताना जास्त.” तेवढ्या एका वाक्यात बाजू आली, सांधा आला, दिशा आली आणि हालचालही आली. दूरच्या मुलाला काळजी वाटेलच, पण आता तिचा गुडघा डॉक्टरांना कसा सांगायचा, हे त्याला ठाऊक असेल.