खेळांचं बिऱ्हाड (11) : आठ कळा आणि एक रफार

आज वाइनबद्दल लिहायचं ठरलं होतं. विंडोजसाठी लिहिलेला खेळ लिनक्सवर तसाच्या तसा चालवणारं ते थोर सॉफ्टवेअर आणखी एक आठवडा थांबेल. मिरजगावच्या एका शिक्षकांचं पत्र आलं आहे आणि त्यातल्या दोन प्रश्नांनी हा अख्खा भाग मागून घेतला.

पहिला प्रश्न असा : 'सिमसिटी या खेळाच्या गोष्टीत तुम्ही कर्जत तालुक्यातल्या खैराटचं नाव घेतलंत. आमच्या तालुक्यात हे गाव कुठं आहे?'

गुरुजी, ते आपलं कर्जत नव्हे. राशीन-सिद्धटेकचं, आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातलं कर्जत वेगळं आणि भोर घाटाच्या पायथ्याचं, रायगड जिल्ह्यातलं, रेल्वेचं कर्जत वेगळं. खैराट-धनगरवाडा त्या दुसऱ्या तालुक्यातली छोटी वस्ती. तिथल्या शाळेत 2007 साली 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' म्हणजे 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' या उपक्रमाचा भारतातला पहिला प्रयोग सुरू झाला. एक शिक्षक, वीस-बावीस मुलं आणि प्रत्येकाच्या हाती स्वतःचा हिरवा-पांढरा एक्सओ लॅपटॉप.

त्याच्या वर्षभर आधी, 2006 मध्ये, दिल्लीतल्या मनुष्यबळ विकास मंत्रालयानं हा लॅपटॉप घ्यायला नकार दिला होता. त्यामुळे सरकारी खरेदीचा प्रश्नच मिटला आणि आपल्याकडे एक्सओ मोजक्याच शाळांपुरता उरला. उरुग्वेसारख्या चिमुकल्या देशानं मात्र 2009 पर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाला तो दिला. याचा खेळांशी थेट संबंध आहे. खेळ नव्या यंत्रावर आणायला कुणाला तरी रात्री जागवाव्या लागतात, आणि जिथं खेळणारी लाखो मुलं आहेत तिथं त्या जागवल्या जातात. एक्सओवरचे कितीतरी खेळ स्पॅनिशमध्ये आले ते यामुळेच. जगाच्या हिशेबात एक्सओ हेच मुळात आडवाटेचं यंत्र, आणि त्या आडवाटेवर मराठी ही आणखी एक पायवाट. तरीही त्या पायवाटेवरून खेळ आणण्याची सोय कुणीतरी करून ठेवली होती. आज मला खरं तर तेच सांगायचं आहे.

दुसरा प्रश्न : 'त्या लॅपटॉपवरचे खेळ आमच्या शाळेतल्या जुन्या संगणकांवर चालतील का?' उत्तर 'हो' असं आहे, पण ते कसं, हे कळायला आधी एक्सओ उघडून बघायला हवा.

पहिल्या एक्सओचा प्रोसेसर 433 मेगाहर्ट्‌झचा एएमडी जिओड, मेमरी 256 एमबी, साठवणीला 1 जीबीची फ्लॅश चिप, आणि फिरणारी हार्ड डिस्क नाहीच. आकडे किरकोळ वाटतील, पण पडदा बघा. साडेसात इंचांच्या पडद्यावर 1200 बाय 900 ठिपके. मेरी लू जेपसन यांनी घडवलेला हा पडदा भर उन्हात वाचता येतो. मागचा दिवा बंद केला की उन्हाचाच प्रकाश परतून अक्षरं उमटतात. फक्त त्या वेळी रंग जातात आणि सगळं काळं-पांढरं-करडं दिसतं.

आता या पडद्यावर जुना खेळ आणायचा आहे असं समजा. 640 बाय 480 ठिपक्यांसाठी काढलेला खेळ इथं जेमतेम सव्वातीन इंच रुंदीच्या चौकटीत मावतो, आणि पडद्याचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग रिकामाच राहतो. बारा ठिपके उंचीचं अक्षर दीड मिलिमीटरचं होतं. ते पोरांनी वाचायचं कसं? चित्र मोठं करावं म्हटलं, तर दर वेळी दहा लाखांवर ठिपके रंगवायचं काम त्या 433 मेगाहर्ट्‌झच्या गड्यावर पडतं आणि खेळ गोगलगाय होतो. म्हणून जाणत्या मंडळींनी एक्सओसाठी चित्रं नव्यानं काढली आणि पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पुन्हा रंगवायची शिस्त पाळली. रंगांची गोष्टही तशीच. लाल सोंगटी आणि हिरवी सोंगटी वर्गात वेगळी दिसते, अंगणात दोन्ही करड्या. मुलांनी खेळ बाहेर झाडाखाली नेला तरी तो चालायला हवा असेल, तर सोंगट्यांचे आकार वेगळे करावे लागतात. एवढी एक गोष्ट ज्याला सुचली, त्याला हे यंत्र कळलं असं मी मानतो.

आणि मग त्या आठ कळा. माझा यांच्यावर फार जीव आहे. पडद्याच्या डाव्या बाजूला चार दिशांची कळ, उजव्या बाजूला गोल, चौकोन, बरोबरची खूण आणि फुली. पडदा गर्रकन फिरवून उलटा मिटला की कीबोर्ड खाली झाकला जातो, लॅपटॉपची पाटी होते आणि खेळायला हाताशी फक्त या आठ कळा उरतात. पाटी दोन्ही हातांत धरून खेळायची ही सोय थेट खेळांसाठी केलेली होती.

पण खेळ तिथं नेला की चालायचा नाही. कारण यंत्राच्या दृष्टीनं या कळा म्हणजे मोठ्या कीबोर्डच्या उजव्या टोकाला असतो त्या आकड्यांच्या पॅडच्या कळा. दिशांच्या चार म्हणजे आकडेपॅडवरचे बाण, आणि उजवीकडच्या चार म्हणजे त्याच पॅडवरच्या होम, एंड, पेजअप आणि पेजडाउन. नेहमीच्या बाणांच्या कळा ऐकायला शिकवलेला खेळ हे बाण ऐकतच नाही. मूल कळ दाबून दाबून थकतं आणि खेळ ढिम्म. दुरुस्ती दोन-चार ओळींची : दोन्ही प्रकारचे बाण ऐक, असं सांगायचं. मात्र ज्याच्या हातात खरा एक्सओ नाही, त्याला ही अडचण आहे हेच कळत नाही. 2007 च्या जूनमध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ओलिन कॉलेजात एक्सओसाठी खेळ लिहिण्याचं पहिलं संमेलन भरलं. अशा संमेलनांचं मोल मला याच कारणासाठी वाटतं. तिथं यंत्र समोर असतं.

या आठ कळांचा सर्वांत सुंदर उपयोग जोशुआ मायनर यांच्या 'मेझ'मध्ये आहे. भुलभुलैयाचा साधा खेळ. एकाच लॅपटॉपवर एक मूल बाणांनी, दुसरं कीबोर्डच्या डाव्या बाजूच्या अक्षरांनी आणि तिसरं पडद्याशेजारच्या कळांनी आपापली सोंगटी पळवतं. शिवाय वर्गातले इतर लॅपटॉप वाय-फायनं एकमेकांना जोडले की सगळे एकाच भुलभुलैयात उतरतात. इथली युक्ती शिकण्यासारखी आहे. भुलभुलैयाचा नकाशा एका लॅपटॉपवरून दुसऱ्याकडे पाठवला जातच नाही. पाठवला जातो फक्त एक 'बीज' आकडा आणि लांबी-रुंदी. त्या बीजावरून प्रत्येक लॅपटॉप स्वतःच भुलभुलैया रचतो आणि गणित एकच असल्यामुळे सगळीकडे तोच तयार होतो. नंतर ये-जा करतात त्या फक्त सोंगट्यांच्या चाली. संपर्क कितीही कमकुवत असो, एवढं ओझं तो सहज पेलतो. नगर तालुक्यातल्या एका शाळेत मी हा खेळ साध्या पीसीवर लावून दिला होता, तेव्हा एका कीबोर्डवर तिघं बसली आणि चौथ्यासाठी जागा कशी करायची यावर त्यांची चर्चा रंगली.

विजेचं विसरून चालणार नाही. ते दिवस महाराष्ट्राच्या खेड्यांत भारनियमनाचे होते. एक्सओ मुळातच अतिशय कमी विजेवर चालायचा आणि काम नसलं की प्रोसेसर झोपायचा. पण खेळांची सवय उलटी. सोंगटी हलो न हलो, खेळ सेकंदाला तीस-तीसदा पडदा रंगवत बसतो आणि बॅटरी खाऊन टाकतो. पायथॉन भाषेतले खेळ पायगेम या साधनानं लिहिले जात. ते एक्सओवर नीट नांदावेत म्हणून टोरांटोच्या माईक फ्लेचर यांनी सांभाळलेला 'ओएलपीसीगेम्स' नावाचा जोडसंच होता. त्यात यावर उपाय होता. थोडा वेळ कुणी कळ दाबली नाही की खेळ आपोआप थांबायचा, पडद्यावर 'थांबला आहे' अशी पाटी यायची आणि बॅटरी वाचायची.

याच संचात आणखी एक वस्तू होती आणि ती आपल्या कामाची. तिचं नाव 'पँगोफाँट'.

झालं असं होतं की पायगेम अक्षरं काढायला ज्या घटकावर विसंबून असे, त्याला एकामागून एक अक्षर मांडणं एवढंच ठाऊक होतं. इंग्रजीला ते पुरतं. आपल्या लिपीला पुरत नाही. 'अहिल्यानगर' घ्या. संगणकाच्या पोटात आधी ह असतो आणि मग वेलांटी; पडद्यावर मात्र वेलांटी आधी काढावी लागते. 'ल्या' जोडून यावा लागतो. आणि गुरुजी, तुमचं 'कर्जत' तर परीक्षाच घेतं. पोटातला क्रम क, र, हलन्त, ज, त असा. त्यातला र उडी मारून रफार होऊन ज च्या डोक्यावर बसला पाहिजे. पायगेमच्या साध्या मार्गानं लिहिलं की र पाय मोडून जागच्या जागी उभा, ज उघडा आणि 'अहिल्यानगर'ची वेलांटी भलत्या अक्षराला चिकटलेली. नुकतं वाचायला शिकलेल्या मुलासमोर अशी अक्षरं ठेवणं मला क्रूरपणा वाटतो. मोठा माणूस अंदाजानं वाचून घेतो, पण दुसरीतलं मूल स्वतःलाच चुकीचं ठरवतं.

लिनक्सवर ही जुळवाजुळव करणारा पँगो हा घटक आधीपासून होता, आणि एक्सओच्या 'शुगर' या मुख्य पडद्यावरची मराठी त्याच्यामुळेच नीट दिसे. खेळ मात्र पायगेममधून थेट पडद्यावर जात, त्यांच्या वाटेत पँगो येतच नसे. पँगोफाँटनं ती वाट जोडली. खेळ लिहिणाऱ्यानं पायगेमच्या फाँटऐवजी हा फाँट वापरायचा; बाकी सगळं तसंच. त्या बदलानं रफार जागेवर जातो. आडवाटेच्या यंत्रासाठी, तिकडे टोरांटोत सांभाळलेल्या संचात, कर्जतचा रफार उमटावा अशी तरतूद होती! पायगेमच्या मूळ घटकात ही सोय यायला पुढं 2022 उजाडलं. आजही नव्या पायगेमला 'लिपी देवनागरी आहे' असं एका ओळीत सांगावं लागतं. आपल्याकडचे खेळ लिहिणारे विद्यार्थी ती ओळ विसरतात आणि मग मराठी नीट दिसत नाही म्हणून खेळच इंग्रजीत करतात. कृपा करून तसं करू नका.

अक्षर नीट उमटलं तरी शब्दखेळांचं काम संपत नाही. अक्षर ओळखून शब्द पुरा करण्याचा खेळ इंग्रजीतून जसाच्या तसा आणला, तर 'श्रीगोंदा' या शब्दाला तो नऊ घरं पाडतो, कारण संगणकाच्या लेखी त्यात नऊ चिन्हं आहेत : श, हलन्त, र, दीर्घ वेलांटी, ग, ओकार, अनुस्वार, द, काना. मुलाच्या लेखी अक्षरं तीनच : श्री, गों, दा. एका घरात नुसताच काना येऊन बसतो आणि त्याच्याभोवती तुटक वर्तुळ दिसतं. हा खेळ मराठीत आला असं मी म्हणणार नाही. घरं अक्षरांची पाडली पाहिजेत, त्यासाठी शब्द तोडण्याचा नियम नव्यानं लिहावा लागतो, आणि तो पन्नासेक ओळींत लिहून होतो.

सिमसिटीच्या बाबतीत गेल्या आठवड्यात राहून गेलेली एक गोष्ट इथंच सांगतो. डॉन हॉपकिन्स यांनी एक्सओवर आणलेल्या त्या खेळाला नकाशा, आराखडा, अंदाजपत्रक अशा निरनिराळ्या खिडक्या होत्या. शुगरमध्ये एका वेळी एकच काम पूर्ण पडदाभर दिसतं, आणि फाईल जतन करण्याची पेटी नसते. खेळानं आपली अवस्था स्वतःहून 'जर्नल'मध्ये नोंदवायची असते. म्हणून जुन्या खेळाभोवती पायथॉनचं एक पातळ वेष्टन घातलं गेलं, जे एका बाजूनं शुगरशी आणि दुसऱ्या बाजूनं खेळाशी बोलत राहतं. मूळ खेळाच्या पोटात फारसा हात घालावा लागला नाही.

आता गुरुजींच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. एक्सओची निर्मिती केव्हाच थांबली, पण शुगर जिवंत आहे. वॉल्टर बेंडर यांनी 2008 मध्ये सुरू केलेली शुगर लॅब्ज ती सांभाळते. 'शुगर ऑन अ स्टिक' या नावानं ती पेनड्राइव्हवर घालता येते आणि संगणकाच्या हार्ड डिस्कला हातही न लावता पेनड्राइव्हवरूनच सुरू होते. मात्र ती ज्या फेडोरा लिनक्सवर उभी आहे, त्यानं 2019 पासून 32 बिटच्या संगणकांची साथ सोडली आहे. तुमच्या पत्रातल्या वर्णनावरून तुमचे निम्मे संगणक 32 बिटचे दिसतात. त्यांच्यावर डेबियन 12 हे लिनक्स बसवा आणि त्यातूनच शुगर घ्या. डेबियन 13 घेऊ नका, 32 बिटचा संगणक त्यातून उभा करता येत नाही. पडदा मोठा असल्यामुळे वर सांगितलेली बारीक अक्षरांची अडचण तुम्हाला येणार नाही, आणि आठ कळांचं काम कीबोर्डच्या उजव्या टोकाचा आकडेपॅड करेल. त्यासाठी नमलॉक बंद ठेवायचं.

सुरुवात 'मेमराइज'नं करा. जोड्या लावायचा हा खेळ स्वतः रचता येतो, चित्र, आवाज किंवा शब्द घालून, आणि त्यातली अक्षरं पँगोच काढतो. आपल्या जिल्ह्याचे 14 तालुके घ्या आणि प्रत्येकाची जोडी मुलांनाच ठरवू द्या : अकोल्याला कळसूबाई, नेवाशाला पैस, राहुरीला कृषी विद्यापीठ. पारनेर, जामखेड, पाथर्डीसाठी ती काय निवडतात ते मला कळवा. रफाराच्या परीक्षेसाठी कर्जत आणि पाथर्डी दोन्ही त्यात आहेतच. तयार झालेला खेळ पेनड्राइव्हनं मला पाठवलात, तर दुसऱ्या शाळांना द्यायची व्यवस्था मी करतो.

वाइन पुढच्या आठवड्यात.