एका टोमॅटोच्या पोटात किती टोमॅटो?

हायब्रीड टोमॅटोचं बी उगवत नाही, असं छातीठोकपणे सांगणारे गावोगाव भेटतात. पण ते उगवतं, आणि चांगलं जोमात उगवतं. फक्त आईसारखं निघत नाही. परसात किंवा गच्चीवर चार कुंड्या असलेल्या माणसासाठी खरी मजा त्यातच आहे. न उगवणाऱ्या 'टर्मिनेटर' बियाण्याचं पेटंट अमेरिकेत १९९८ मध्ये दिलं गेलं हे खरं, पण तसं बी आजवर कुठेही विक्रीला आलेलं नाही. तेव्हा कोशिंबिरीचा टोमॅटो चिरताना चमचाभर बी खुशाल बाजूला काढा.

मुक्काम पोस्ट जालना

हा उद्योग करायला जालना जिल्ह्यासारखी जागा नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये 'महिको' ही बियाणे कंपनी इथेच सुरू केली. पुढे एकामागून एक बियाणे कंपन्या उभ्या राहिल्या आणि जालना हे बियाण्यांचं गाव झालं. १९९८ साली बारवाल्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. जाफराबादकडून बुलढाण्यातल्या देऊळगाव राजाच्या बाजूला निघालात, तर शेतांत शेडनेटच्या रांगा दिसतात. त्यांतल्या कित्येकांत भाजीपाल्याचं बियाणं तयार होतं.

कापलेल्या निदलाची खूण

टोमॅटोचं हायब्रीड बी आजही माणसाच्या हातानेच घडतं. शेडनेटच्या आत काम करणाऱ्या बहुतेक बायका असतात. उद्या फुलणारी कळी आज ओळखायची. ती मिटलेली असते आणि पाकळ्यांवर फिकट पिवळी झाक नुकती आलेली असते. चिमट्याने पुंकेसरांची नळी अलगद उपसायची, मधल्या स्त्रीकेसराला धक्का लागता कामा नये. दुसऱ्या दिवशी नराच्या झाडावरून जमवलेले पराग या स्त्रीकेसराच्या टोकाला लावायचे. मग देठाजवळच्या हिरव्या निदलांपैकी एक-दोन खुडून टाकायची. दीड-दोन महिन्यांनी फळ पिकतं, तेव्हा हीच खूण कामाला येते. निदल कापलेलं दिसलं तर फळ क्रॉसचं. निदल अख्खं असेल तर ते फळ बियाण्यात घेत नाहीत. टोमॅटोचं बी एका ग्रॅमला तीनशेच्या आसपास भरतं. त्या प्रत्येक बियामागे कुणाच्या तरी बोटांचं कसब असतं. दुकानात पाकिटाची किंमत ऐकून कपाळाला आठी पडते, तेव्हा हे आठवावं.

दुसऱ्या पिढीचा गोंधळ

पाकिटातल्या बियांची झाडं एकसारखी निघतात. ती पहिली पिढी. तिच्या फळातलं बी लावलं की दुसरी पिढी येते आणि आजी-आजोबांचे दडलेले गुण वर येतात. ग्रेगोर मेंडेलने १८६५ मध्ये वाटाण्यावर मांडलेलं तीनास एक हे गणित टोमॅटोलाही तंतोतंत लागू पडतं.

रंगाचंच घ्या. टोमॅटोचा रंग गराचा आणि सालीचा मिळून होतो. लाल टोमॅटो उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून सोला आणि साल उजेडासमोर धरा, ती पिवळी दिसेल. तोच लाल गर बिनरंगी सालीत असला की फळ गुलाबी दिसतं. आता लाल गर व पिवळी साल असलेला टोमॅटो आणि पिवळा गर व बिनरंगी साल असलेला टोमॅटो यांचा क्रॉस करा. पहिल्या पिढीत सगळे लाल. दुसऱ्या पिढीत सोळा झाडांमागे सरासरी नऊ लाल, तीन गुलाबी, तीन पिवळे आणि एखादं झाड जवळजवळ पांढुरक्या फळांचं!

मात्र बाजारातल्या नेहमीच्या हायब्रीडचे आई-बाप दोघेही लालच असतात. तिथे रंगाची आतषबाजी होणार नाही. फरक पडेल तो आकारात, चवीत, सालीच्या जाडीत, झाडाच्या उंचीत. काही झाडं विषाणूला लवकर बळी पडतील. पांढरी माशी आली की त्यांची पानं आकसून वर वळतील. म्हणून विक्रीसाठी एकरभर टोमॅटो लावणाऱ्याने हे बी मुळीच वापरू नये. व्यापाऱ्याला एकसारखा माल लागतो. हा खेळ घरच्या कुंड्यांचा आहे.

दहा आणि एकशेसाठ मिळून चाळीस

दहा ग्रॅमचा चेरी टोमॅटो आणि एकशेसाठ ग्रॅमचा भला थोरला टोमॅटो यांचं लग्न लावलं तर पोर केवढं होईल? सरासरी काढून पंच्याऐंशी म्हणाल, पण फळ साधारण चाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं. दहाला चारने गुणलं की चाळीस, चाळिसाला चारने गुणलं की एकशेसाठ. टोमॅटोचा आकार हा असा गुणाकाराने चालतो. त्यामुळे चेरीशी क्रॉस केल्यावर मोठ्या फळाची आशा धरू नये. चवीची जरूर धरावी.

रोपातच कळणारी गुपितं

काही टोमॅटोंची पानं बटाट्यासारखी, बिनकातरीची असतात. हा गुण दबणारा आहे. अशा झाडाला आई करून नेहमीच्या कातरलेल्या पानांच्या झाडाचे पराग लावले आणि रोपं कातरलेल्या पानांची आली, तर क्रॉस साधला. फळाची वाट बघायची गरज नाही. बुटकेपणाही असाच दबणारा. दुसऱ्या पिढीत चारातलं एक रोप जाड खोडाचं, सुरकुतल्या गर्द पानांचं, ठेंगणं दिसतं. गच्चीसाठी नेमकं तेच ठेवायचं.

याच बुटक्या रोपांवर हौशी बागवानांनी जगात नाव कमावलं. अमेरिकेचे क्रेग लहूलियर आणि ऑस्ट्रेलियाच्या पॅट्रिना नस्के स्मॉल यांनी २००५-०६ च्या सुमारास 'ड्वॉर्फ टोमॅटो प्रोजेक्ट' सुरू केला. एका देशात उन्हाळा तेव्हा दुसऱ्यात हिवाळा, त्यामुळे बी टपालाने पाठवून वर्षात दोन पिढ्या निघू लागल्या. प्रयोगशाळा नाही, पगार नाही. घरोघरच्या माणसांनी झाडं वाढवली, चाखली, नोंदी ठेवल्या आणि शंभरावर नव्या जाती उभ्या केल्या. जालन्याच्या हवेत हंगाम नीट साधला तर वर्षात दोन पिढ्या एकाच अंगणात निघतील. परदेशी टपालाचीही गरज नाही.

कासवाचं पोट, मोरीचं रोप

मोरीच्या पाण्यावर आपोआप उगवलेला टोमॅटो सगळ्यांनी पाहिला आहे. पोटातून जाऊनही हे बी मरत नाही. गॅलापागोस बेटांवरच्या रानटी टोमॅटोचं बी तर एरवी उगवायलाच तयार नसतं. महाकाय कासवाच्या पोटात दोन-तीन आठवडे फिरून आलं की मात्र भराभर उगवतं. हे चार्ल्स रिक या शास्त्रज्ञाने १९६१ मध्ये दाखवून दिलं.

घरी कासवाची गरज नाही. बियाभोवतीचा बुळबुळीत गर उगवण रोखून धरतो, तो आंबवून काढायचा. गरासकट बी पेल्यात घ्या, थोडं पाणी घाला, दोन दिवस ठेवा. आपल्या उन्हाळ्यात एक दिवसही पुरतो. वर फेस येईल, वास सुटेल, जड बी तळाशी बसेल. धुऊन स्टीलच्या ताटलीत सावलीत वाळवा. कागदावर नको, चिकटतं. कोरड्या डबीत ते चार-पाच वर्षं टिकतं.

परक्या परागाची भीती फारशी नाही. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःचं स्वतः फळतं. तरी भुंगे गुणगुणत येतात, म्हणून लग्नात मिळणारी जाळीची पोटली कळ्यांवर बांधली की काम झालं.

धीर किती लागतो?

प्रत्येक पिढीत आतली सरमिसळ निम्म्याने घटते. दुसऱ्या पिढीत पन्नास टक्के, तिसरीत पंचवीस, सहावीत जेमतेम तीन आणि आठवीत एक टक्क्याहूनही कमी. म्हणजे आवडलेल्या झाडाचं बी दर वेळी वेगळं धरत गेलात, तर वर्षाला दोन पिढ्या धरून तीन-चार वर्षांत तुमची स्वतःची पक्की जात तयार. कायदाही आडवा येत नाही. २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखायचा, पेरायचा, वाटायचा हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकणं तेवढं मना आहे. नवा वाण घडवण्यासाठी जुना वाण वापरण्याचीही त्यात मुभा आहे.

मराठवाड्याच्या उन्हात पारा पस्तिशीच्या वर राहिला की पराग निकामी होतात, फुलं गळतात. म्हणून बी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये टाका, फळं थंडीत धरतील. निदान सोळा रोपं लावा, प्रत्येक कुंडीवर आई-बापाचं नाव, पिढी आणि साल लिहा, आणि चव आवडली नाही त्या झाडाचं बी धरू नका.