पोलीसकाकांचा धाक कशाला?

दोन-तीन वर्षांचे मूल जेवत नसले, की घरातील वडीलधारी मंडळी सहज म्हणून जातात, ‘जेव, नाहीतर पोलीस पकडून नेईल.’ घास तेवढा पोटात जातो. पण हेच मूल उद्या यात्रेत हरवले, तर खाकी गणवेश पाहून मदत मागण्याऐवजी लपून बसण्याचा संभव अधिक. हा सौदा तोट्याचाच.

उपाय खेळात आहे. बाहुलीला आधी सुई टोचावी आणि तिची समजूत मुलालाच घालू द्यावी. ‘हरवलेली बाहुली’ हा खेळ तर अवश्य खेळावा. बाबा पोलीसकाका होतात. बाहुली त्यांना आपले नाव, आईचे नाव, गाव सांगते. रोज खेळले, की तीन वर्षांच्या मुलाला एवढे पाठ होते. (१०९८ हा बालकांसाठीचा मदत क्रमांक मोठ्यांनी पाठ करावा.) साहित्य विकत आणण्याचे कारण नाही; १९४५ मध्ये बोर्डी येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाचे काम आरंभिले, तेही पाने, काड्या, शिंपले अशा साधनांवर.

घंटागाडीच्या खेळाला दोन डबे पुरतात: ओल्यासाठी हिरवा, सुक्यासाठी निळा. येथे अडचण असते ती मोठ्यांची. डॉक्टर ‘आले’ आणि सफाई कामगार ‘आला’, हा फरक मूल अचूक टिपते. खरी घंटागाडी दारी आली, की मुलाला सोबत घेऊन डबा स्वतः खाली न्यावा आणि त्याच्यासमोर म्हणावे, ‘मावशी, आज फणसाची साले आहेत, डबा जड आहे, मी हात लावतो.’