ऐकीव आधाराचा पत्ता

१६ मार्च १९४६ रोजीं गायनाचार्य अल्लादिया खाँसाहेब मुंबईस पैगंबरवासी झाले. १८९५ पासून १९२२ पर्यंत, म्हणजे राजर्षि शाहू महाराजांच्या निधनापर्यंत, ते कोल्हापूर दरबारचे गवई होते. जयपूर-अत्रौली या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या गायकीचे ते प्रवर्तक. पण एवढ्या मोठ्या गवयाच्या गाण्याची एकहि तबकडी बाजारांत आली नाहीं. आत्मचरित्रहि त्यांनीं स्वतः लेखणी हातीं धरून लिहिलें नाहीं. मग त्यांच्याविषयीं आज जें कांहीं लिहिलें जातें, त्याला आधार कोणता?

उत्तर त्यांच्या घरांतच आहे. वृद्धपणीं खाँसाहेबांनीं आपली जीवनकथा नातू अझीझुद्दीन खाँ यांस सांगितली. हे भुर्जी खाँसाहेबांचे चिरंजीव. आजोबा बोलत गेले आणि नातू उर्दूंत टिपून घेत गेला. पुढें २००० सालीं अमलान दासगुप्त व ऊर्मिला भिर्डीकर यांनीं केलेलें या कथेचें इंग्रजी भाषांतर कलकत्त्यास पुस्तकरूपानें निघालें. आज या विषयावर प्रबंध लिहिणारा विद्यार्थी त्या पुस्तकाचा पृष्ठांक देतो आणि निश्चिंत होतो. परंतु त्या पृष्ठांकामागें एक म्हातारा गवई बोलत बसला आहे, ही गोष्ट त्याच्या तळटीपेंत कोठेंच दिसत नाहीं. जो आधार मुळांत छापील नाहीं, त्याचा उल्लेख कसा करावा, हा प्रश्न येथून सुरू होतो.

ग्रंथांत आधार देण्याचीं कारणें दोन. पहिलें पडताळ्याचें. लेखकानें जेथून माहिती घेतली, तेथें वाचकालाहि जातां आलें पाहिजे. म्हणून पुस्तकाचें नांव, कर्ता, साल आणि पृष्ठ सांगावयाचें. दुसरें कारण ऋणाचें. दुसऱ्याकडून घेतलेली वस्तु त्याच्या नांवावर मांडणें हा साधा प्रामाणिकपणा आहे. पुस्तकाच्या बाबतींत हीं दोन्ही कामें मुखपृष्ठावरील चार ओळींनीं भागतात. पुस्तक आपला पत्ता आपल्या अंगावरच वागवितें. अडचण येते ती पुस्तक नसलेल्या आधारांची. पण त्यांतलेहि सगळे मुके नसतात.

कोल्हापूरच्या पंचगंगेकाठची ब्रह्मपुरी पहा. १८७७ सालीं तेथें जुन्या नाण्यांचा सांठा सांपडला. त्या नाण्यांवर वासिष्ठीपुत्र विळिवायकुर, माढरीपुत्र शिवलकुर आणि गौतमीपुत्र विळिवायकुर अशीं तीन नांवें आहेत. प्रत्येक राजाची ओळख आईच्या नांवावरून. हे राजे कोणत्या क्रमानें झाले, हें सांगणारा ग्रंथ नाहीं. मात्र कांहीं नाण्यांवर एकाच्या छापावर दुसऱ्याचा छाप मारलेला आहे. शिवलकुराच्या नाण्यावर गौतमीपुत्राचा ठसा दिसला, म्हणजे गौतमीपुत्र मागाहून आला. पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या विद्वानांनीं या ठशांवरूनच क्रम लावला. येथें आधार म्हणजे एक धातूचा तुकडा. त्याचा पत्ता म्हणजे सांपडल्याचें स्थळ, सांपडल्याचें साल, ठेवल्याचें संग्रहालय आणि तेथील नोंदवहींतला क्रमांक. यांतील सांपडल्याचें स्थळ गळालें, तर नाणें सराफाच्या पेटींतल्या इतर नाण्यांसारखें होतें. तें खरें असतें, पण त्याची साक्ष अर्धी बुडते.

शाहीर लोकहि हें शहाणपण जाणून होते. पोवाड्याच्या शेवटच्या कडव्यांत शाहीर स्वतःचें, कधीं गुरूचें, नांव गुंफतो. पोवाडा गोंधळ्यांच्या तोंडून पिढ्यान् पिढ्या फिरला, तरी रचणाऱ्याचें नांव त्याच्याबरोबर फिरत राहिलें. म्हणूनच हॅरी ॲक्वर्थ व शंकर तुकाराम शाळिग्राम यांनीं १८९१ सालीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह छापला, तेव्हां अनेक पोवाड्यांचे कर्ते सांगतां आले.

ग्रामोफोनच्या तबकडीचीहि गोष्ट अशीच. १९०२ सालीं कलकत्त्यास या देशांतील गाण्यांचें मुद्रण सुरू झालें. त्या काळच्या गौहरजान यांच्या तबकड्यांवर गाणें संपतांच त्यांनीं स्वतःचें नांव मोठ्यानें उच्चारलेलें ऐकूं येतें. तबकड्या छापण्यासाठीं मूळ मुद्रण जर्मनींत हॅनोव्हरला जाई, आणि तेथील कारागिरांस गाणाऱ्याचें नांव कळावें, हा त्यांतला हेतु. पुढें तबकडीच्या मध्यावरील कागदी चकतीवर गायकाचें नांव, रागाचें नांव आणि विक्रीचा क्रमांक येऊं लागला. चकतीच्या कडेला कोरलेला दुसरा एक क्रमांक असतो. तो त्या एका मुद्रणाचा. एकच चीज गायकानें दोनदां गायिली असेल, तर हा क्रमांक वेगळा निघतो. केसरबाई केरकर किंवा मल्लिकार्जुन मन्सूर यांच्या तबकडीवरून खाँसाहेबांच्या गायकीविषयीं कांहीं सांगावयाचें असेल, तर हे दोन्ही क्रमांक देणें म्हणजे पुस्तकाची आवृत्ति आणि पृष्ठ देणें होय. मात्र ही साक्ष शिष्यपरंपरेची आहे, खुद्द खाँसाहेबांची नव्हे, हेंहि त्याच वाक्यांत सांगितलें पाहिजे.

नाणें, पोवाडा आणि तबकडी हे आपलें नांव आपण सांगणारे साक्षीदार. तोंडी शब्दाजवळ तेवढेंहि नसतें. तो उच्चारला जातो आणि हवेंत विरतो. म्हणून त्याचा पत्ता ऐकणाऱ्यालाच लिहावा लागतो. तो पत्ता पांच गोष्टींचा असतो: कोणी सांगितलें, कोणाला सांगितलें, केव्हां व कोठें सांगितलें, कोणत्या भाषेंत सांगितलें, आणि तें आज कोणत्या रूपानें शिल्लक आहे. त्यांत सहावी एक गोष्ट मिळविली, तर आधार पुरा होतो: सांगणाऱ्यानें तें स्वतः पाहिलें होतें, कीं दुसऱ्याकडून ऐकलें होतें?

ही कसोटी खाँसाहेबांच्या जीवनकथेला लावून पहावी. तरुणपणीं अतिरेकी गाण्यानें आपला आवाज बिघडला, आणि मग त्या बदललेल्या आवाजाला सोसेल अशी गायकी घडवावी लागली, हें खाँसाहेब सांगतात तेव्हां ती स्वतः भोगलेली गोष्ट आहे. तिला प्रत्यक्ष साक्षीचें वजन आहे. परंतु त्यांच्या कुळाचा संबंध स्वामी हरिदासांच्या वंशाशीं जोडला जातो, ती घराण्यांत पिढीजात चालत आलेली परंपरा आहे. ती तुच्छ नव्हे. घराणें स्वतःकडे कोणत्या दृष्टीनें पाहतें, याचा तो उत्तम पुरावा आहे. पण सोळाव्या शतकांत प्रत्यक्ष काय घडलें, याचा तो पुरावा नव्हे. पुस्तक एक, सांगणारा एक, तरी दोन वाक्यांचीं वजनें दोन. नुसता पृष्ठांक हा भेद सांगत नाहीं. "खाँसाहेबांनीं नातवास सांगितल्याप्रमाणें" आणि "घराण्याच्या परंपरेप्रमाणें" हे दोन लहान शब्दसमूह तो सांगतात. शिवाय मराठींत लिहिणारा जर इंग्रजी भाषांतरावरून घेत असेल, तर बोलणाऱ्याच्या मुखापासून आपण तीन पायऱ्या दूर आहों, हें त्यानें विसरूं नये: नातवाची लेखणी, भाषांतरकारांची इंग्रजी आणि स्वतःची मराठी.

हा काटेकोरपणा न पाळल्यानें काय होतें? एक लेखक ऐकलेली गोष्ट आधार न सांगतां छापतो. दुसरा पहिल्याचा पृष्ठांक देतो. तिसरा दोघांचा हवाला देतो. दहा वर्षांत एका आख्यायिकेला तीन छापील आधार मिळतात, आणि मूळ सांगणारा कोण होता, हें विचारण्याची सोयहि उरत नाहीं. "छापून आलें आहे" एवढ्यावर वाद मिटतो. छापणें हें आधार देणें नव्हे, हें येथें ध्यानांत येतें.

चित्रपटाच्या बाबतींत तर नांव बरोबर असूनहि आधार चुकूं शकतो. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनीं नारायण हरि आपट्यांच्या कथेवरून 'सावकारी पाश' हा मूकपट १९२५ सालीं काढला. पुढें १९३६ सालीं त्याच नांवाचा बोलपटहि त्यांनींच काढला. प्रबंधांत नुसतें "सावकारी पाशांतील शेतकरी" असें लिहिलें, तर वाचकानें कोणता शेतकरी समजावा? दिग्दर्शक तोच, कथा तीच, पण पट दोन. म्हणून नांव, दिग्दर्शक व साल हीं तिन्ही हवींत. आणि लेखकानें पट स्वतः पाहिला, कीं जाहिरात, छायाचित्र वा कोणाची आठवण यांवरून त्याविषयीं लिहिलें, हेंहि सांगावयास हवें. पेंटरांचे बहुतेक मूकपट आज नष्ट झाले आहेत. न पाहिलेल्या पटाचें वर्णन पाहिल्यासारखें करणें ही लहान चूक नव्हे.

विद्यापीठांनीं या प्रश्नाचा विचार केलाच नाहीं, असें नाहीं. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची आधारपद्धति आपल्याकडेहि पुष्कळ वापरली जाते. तिच्यांत खासगी मुलाखत वा संभाषण यांचा उल्लेख मजकुरांत नांव व तारीख देऊन करतात. शेवटच्या संदर्भसूचींत त्याला जागा नसते. कारण सरळ आहे: सूचि ही वाचकानें शोधून पाहण्यासाठीं असते, आणि झालेलें संभाषण वाचकाला सांपडणार नाहीं. पडताळ्याच्या दृष्टीनें हें बरोबर आहे. ऋणाच्या दृष्टीनें मात्र येथें अन्याय होतो. ज्यांचें सारें ज्ञान तोंडींच आहे, त्यांचें नांव सूचींत कधींच यावयाचें नाहीं. आणि त्यांचें ऐकून लिहिणाऱ्याचें पुस्तक मात्र पुढच्या प्रत्येक सूचींत येणार. कॅनडांतील मूळ रहिवाशांच्या बाबतींत ही टोंचणी लागून लॉरिशिया मॅक्लाउड या ग्रंथपाल बाईंनीं २०२१ सालीं त्यांच्या वृद्ध ज्ञात्यांचा उल्लेख सूचींत कसा करावा, याचे नमुने प्रसिद्ध केले. त्यांत व्यक्तीचें नांव, तिचा समाज, तिचें वसतिस्थान, बोलण्याचा विषय आणि तारीख येते.

कोल्हापुरास हा नमुना परका वाटण्याचें कारण नाहीं. तालमीच्या आखाड्यांत तांबडी माती कशी तयार करतात, तींत हळद, ताक व तेल केव्हां आणि किती घालतात, हें पुस्तकांत वाचून कोणी शिकलेलें नाहीं. तें वस्तादाच्या तोंडून आणि हातून शिकलें जातें. चप्पल शिवणारा कारागीर कातडें कमावण्याविषयीं जें सांगतो, त्याचीहि तीच स्थिति. पण प्रबंधांत येतें काय? "स्थानिक पैलवानांच्या मतें", "एका कारागिरानें सांगितलें". पुस्तकाच्या कर्त्याला नांव असतें आणि हुन्नर जाणणाऱ्याला नसतें. वस्तादाचें नांव, तालमीचें नांव, गांव आणि तारीख लिहावयास एक ओळ पुरते. अर्थात् आधीं त्याची अनुमति घ्यावी. आपलें नांव येऊं नये अशी त्याची इच्छा असेल, किंवा नांव आल्यानें त्याला त्रास होण्याचा संभव असेल, तर नांव गाळावें. पण तें जाणून गाळलें आहे, हें सांगावें.

अलीकडे आंतरजालावर जुनीं गाणीं व मुलाखती सहज सांपडतात, आणि काम सोपें झाल्याचा भास होतो. तेथें दोन गोष्टी जपाव्यात. यूट्यूबवर गाणें चढविणाऱ्याचें नांव म्हणजे गाणाऱ्याचें वा मूळ मुद्रण करणाऱ्याचें नांव नव्हे. आणि वर दिलेला राग वा साल हें चढविणाऱ्याचें म्हणणें असतें. दुसरें, आज दिसणारी चीज उद्यां काढून टाकलेली असूं शकते. म्हणून तेथील पत्त्याबरोबर ती पाहिल्याची तारीख आणि कितव्या मिनिटाला काय आहे, तें द्यावें. तासाभराच्या मुलाखतीचा नुसता पत्ता देणें म्हणजे जाड ग्रंथाचा पृष्ठांक न देण्यासारखेंच आहे.

हे सारे नियम केवळ विद्यापीठापुरते आहेत, असें समजूं नये. पुष्कळ घरांत आजोबांच्या आवाजाची एखादी ध्वनिफीत असते, आणि तिच्यावर कांहींच लिहिलेलें नसतें. आजीनें सांगितलेली गोष्ट मोबाईलमध्यें मुद्रित होते, आणि दोन वर्षांनीं ती कोणत्या गांवची, हें कोणालाहि आठवत नाहीं. ती पुढें इतिहासाच्या उपयोगी पडेल कीं नाहीं, हें त्या एका चिठ्ठीवर ठरतें. म्हणून मुद्रणाच्या आरंभींच नांव, गांव, तारीख आणि विचारणाऱ्याचें नांव मोठ्यानें उच्चारून ठेवावें. गौहरजान शेवटीं करीत, तें आधीं करावें. अझीझुद्दीन खाँ आजोबांजवळ कागद घेऊन बसले नसते, तर ज्या गवयाची तबकडी नाहीं त्याचा शब्दहि आज उरला नसता.