ग्रंथालयाच्या दालनात घडलेली घटना

दर २६ नोव्हेंबरला आपण गावोगाव संविधानाच्या उद्देशिकेचे सामूहिक वाचन करतो. पण ही घटना ज्या दालनात घडली, ते मुळात ग्रंथालय होते हे किती जणांना ठाऊक आहे? जुन्या संसद भवनाचा मध्यवर्ती कक्ष ब्रिटिश अमदानीत केंद्रीय विधिमंडळाचे ग्रंथालय म्हणून वापरला जाई. १९४६ साली त्याचे सभागृह केले आणि ९ डिसेंबरला तेथे संविधान सभा बसली. राजगृहात पुस्तकांना मानाची जागा देणाऱ्या बाबासाहेबांना यापेक्षा योग्य जागा ती कोणती?

हे ग्रंथालय १९२१ सालचे. आज त्याला स्वतंत्र इमारत आहे. राज रेवल यांनी ती बांधताना शेजारच्या संसद भवनापुढे मान वर काढू दिली नाही. ७ मे २००२ रोजी तिचे उद्घाटन राष्ट्रपती के. आर. नारायणन यांनी केले. ज्यांच्या पूर्वजांना अक्षर वर्ज्य होते, त्यांच्यातल्याच एकाने ते दार उघडले, ही नोंद आम्हाला महत्त्वाची वाटते. संविधानाच्या हस्तलिखित मूळ प्रती निष्क्रिय वायू भरलेल्या हवाबंद पेटीत याच ग्रंथालयाने जपल्या आहेत.

पण ग्रंथालय म्हणजे काही वस्तुसंग्रहालय नव्हे. खासदाराने विषय सांगावा, तेथील संशोधन विभागाने कायदे, अहवाल, जुन्या चर्चा काढून द्याव्यात, अशी ती व्यवस्था आहे. राखीव जागांवरून निवडून गेलेल्या आमच्या प्रतिनिधींना म्हणूनच विचारावेसे वाटते : साहेब, पाच वर्षांत तुम्ही ती पायरी किती वेळा चढलात? अनुसूचित जाती-जमातींच्या निधीवर बोलायला उभे राहताना हातात कागद का नसतो?

सामान्य वाचकाला तेथे थेट प्रवेश नसला तरी संविधान सभेच्या चर्चा आता संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात घरबसल्या वाचता येतात. कार्यकर्त्यांनी ३० नोव्हेंबर १९४८ ची चर्चा आधी काढावी. सर्वांना समान संधी आणि आजवर प्रशासनाबाहेर ठेवलेल्या समाजांना प्रवेश, या दोन्हींचा मेळ बाबासाहेबांनी त्या दिवशी घातला. आरक्षण अल्पसंख्य जागांपुरते असावे, असेही ते तेथे म्हणाले. विरोधी वकील नेमके तेवढेच वाक्य वाचतात. आम्हाला एका प्रकरणात उठून त्याच्या आधीचे अख्खे पान न्यायालयापुढे वाचावे लागले होते.