कळंबोली : भूमी, इतिहास आणि कारभार

पूर्वीच्या मराठी शाळांत भूगोलाचा आरंभ स्वतःच्या गावापासून होई. मग तालुका, जिल्हा, इलाखा आणि अखेर पृथ्वी, असा क्रम असे. हा क्रम शहाणपणाचा होता. ज्या मुलांस आज परदेशांतील नद्यांची लांबी मुखोद्गत असते, त्यांस आपल्या दारापुढील गटार कोणत्या नदीस मिळते आणि ते कोणी साफ करावयाचे, असे विचारले असता ती निरुत्तर होतात. त्यांच्या वडीलधाऱ्यांची स्थितीही पुष्कळदा तीच. म्हणून पनवेलनजीकच्या कळंबोलीचा परिचय त्याच जुन्या क्रमाने करून देण्याचे योजिले आहे.

प्रथम नावाविषयी. संस्कृतातील 'कदम्ब' प्राकृतात 'कलंब' होतो आणि मराठीत 'कळंब'. कोकणातील अनेक ग्रामनामांच्या अंती येणारे 'वली' अथवा 'ओली' हे पद 'पल्ली', म्हणजे लहान वस्ती, यापासून आले असावे. तेव्हा कळंबोली म्हणजे कदंबवृक्षांची वाडी, असे मानण्यास जागा आहे. आज तेथे कदंब शोधावा लागेल. परंतु वृक्ष गेला तरी नाव त्याची साक्ष देत राहते.

आता भूमी पाहू. तळोज्याकडून येणारी कासाडी नदी या गावाजवळून वाहत जाऊन खाडीस मिळते. भूमी सखल, आणि भरतीचे पाणी जवळ. अशा ठिकाणी शेती व्हावयाची तर समुद्रास अडविणे प्राप्तच होते. पनवेल-पेण भागातील आगरी समाजाने पिढ्यान्पिढ्या बांध घालून खारजमिनी भातशेतीस आणल्या. या भागात 'शिलोत्री' नावाची एक वहिवाट होती : शिलोत्रदाराने बांध राखावा आणि त्यापोटी शेतकऱ्यांनी त्यास धान्य द्यावे. ज्याने धान्य घेतले, त्यानेच बांधाचा जाब द्यावा, हा नियम निरक्षर मनुष्यासही कळत असे. पुढील विवेचनात त्याचे स्मरण ठेवावे, अशी वाचकांस विनंती आहे.

राज्यकारभाराच्या दृष्टीने पनवेल तालुका प्रथम ठाणे जिल्ह्यात होता; १८८३ साली तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि १९८१ साली त्या जिल्ह्यास रायगड हे नाव मिळाले. पनवेल शहरास नगरपालिका १८५२ सालीच लाभली होती. कळंबोली मात्र त्या वेशीबाहेर आपल्या भातात आणि मिठात मग्न राहिली. १९६४ साली दिवा-पनवेल लोहमार्ग झाला, तरी गावाचे रूप फारसे पालटले नाही.

ते पालटले १९७० नंतर. मुंबईचा भार हलका करण्यासाठी खाडीपलीकडे नवे नगर वसविण्याचे सरकारने ठरविले आणि त्या कामासाठी सिडको ही सरकारी मालकीची कंपनी १९७० च्या मार्चमध्ये स्थापन झाली. ठाणे, पनवेल आणि उरण भागांतील ९५ गावांच्या जमिनी या योजनेत आल्या. मोबदल्यावरून असंतोष वाढला. १९८४ च्या जानेवारीत उरण भागात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण बळी पडले. पुढे १९९० साली, संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित भूमी मूळ मालकांस परत देण्याचे ठरले. आज जो गृहस्थ या वसाहतींत सदनिका घेऊन राहतो, त्याच्या भिंतीखाली कोणाचे तरी शेत आहे, हे त्याने विसरू नये.

पुढे कळंबोलीत लोखंड-पोलादाची मोठी बाजारपेठ आली. २००२ साली पूर्ण झालेल्या मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा आरंभही येथूनच होतो. परंतु सखल भूमीने आपला धर्म सोडला नाही. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत ही वसाहत पाण्यात गेली. अशा वसाहतींसाठी सिडकोने धारण-तलावांची योजना केलेली आहे : भरतीच्या वेळी झडपा मिटतात व पावसाचे पाणी तलावात साठते, ओहोटी लागली की ते खाडीत उतरते. तलाव गाळाने भरला, तर झडप कितीही चांगली असो, पाणी घरात येणारच. जुना बांध आणि नवा तलाव यांत तत्त्वाचा भेद मुळीच नाही; दोन्ही नित्य राखावे लागतात.

मग राखणारा कोण? येथेच खरा घोटाळा आहे. वसाहत वसविली सिडकोने. नळास येणारे पाणी पाताळगंगेचे; ते आणते जीवन प्राधिकरण. पोलीस नवी मुंबई आयुक्तालयाचे, तर जमिनीचे दप्तर पनवेलच्या तहसिलीत. १ ऑक्टोबर २०१६ रोजी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि २९ गावांसह कळंबोली तीत समाविष्ट झाली. सिडकोचे सेवाशुल्क भरलेल्या रहिवाशांकडे २०२१ च्या सुमारास २०१६ पासूनच्या मालमत्ताकराची मागणी आली, तेव्हा एकाच सेवेचे मोल दोनदा का, असा प्रश्न त्यांनी केला. तो अगदी स्वाभाविक होता. २०१७ साली निवडलेल्या ७८ नगरसेवकांची मुदत २०२२ मध्ये संपली. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. म्हणजे कर देणारे होते, पण जाब विचारण्यास त्यांचा प्रतिनिधी नव्हता.

अमेरिकेतील व्हरमाँट संस्थानातील खेड्यांत मार्चच्या पहिल्या मंगळवारी ग्रामस्थ एकत्र जमतात आणि रस्ता, शाळा, खर्च यांवर स्वतः मत देतात. आपल्याकडेही १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामसभेस स्थान दिलेले आहे. पण खेड्याचे नगर झाले की ग्रामसभा जाते आणि तिच्या जागी पाच वर्षांतून एकदा येणारे मतदान उरते. रस्ते रुंद झाले, दिवे आले, मालमत्तेचे मोल वाढले, हे खरे. तथापि प्रश्न विचारण्याची जागा गेली, ही हानी कोणी हिशेबात धरीत नाही.

यावर उपाय गृहस्थांच्याच हाती आहे. महानगरपालिकेची कळंबोलीसाठी स्वतंत्र प्रभाग समिती आहे. कोणते काम कोणत्या कचेरीचे, याची टीप प्रत्येक घरात असावी. कराची पावती जपावी, तशीच तक्रारीच्या अर्जाची पोचही जपावी. आणि पावसाळ्यापूर्वी तलावातील व नाल्यांतील गाळ निघाला की नाही, हे दहा घरांनी मिळून विचारावे. घरातील स्त्रियांस पाण्याची वेळ आणि गटाराची अवस्था पुरुषांपेक्षा अधिक ठाऊक असते. त्यांनी या कामी पुढे व्हावे. शिलोत्रदारास धान्य देणारा शेतकरी बांधावर जाऊन तो पाहत असे. आपण धान्याऐवजी पैसा देतो, एवढाच काय तो फरक. बांध पाहण्याचे कर्तव्य आपल्यावरही तितकेच आहे.